खाजेचं माप

मास्तरांना माप शिकवायला जायचं नाही, हे त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच मास्तर त्याची छाती, कंबर आणि खांदा मनात टिपून मोकळे व्हायचे. टेप लावायचे ते नुसतं गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. उभा जन्म कात्री चालवण्यात गेलेला. त्यांनी शिवलेला कोट अंगात चढवला की पोक काढून चालणारा माणूससुद्धा ताठ चालायला लागतो, असं लोक म्हणत. मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण ऐकत मात्र पुरतं.

असा हा माणूस त्या सकाळी इस्पितळाच्या त्वचा विभागाबाहेर, मांडीवर लेकीची पिशवी घेऊन बसला होता आणि पिशवीचा बंद पिरगाळत होता. कारण आज माप घेणारे ते नव्हते. आज माप दुसरंच कुणी घेणार होतं, आणि मापायचं होतं त्यांच्या लेकीचं इसब.

लेकीला घरीदारी सगळे ठमीच म्हणत. वय एकोणीस. इसब मात्र रांगत्या वयापासूनचं. कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे, मानेवर, मनगटांवर. थंडीत वाढायचं, परीक्षा आली की वाढायचं, आणि कधीकधी तर काही कारण नसताना, आपलं मनात आलं म्हणून वाढायचं. मलमं झाली, गोळ्या झाल्या, शेजारपाजारच्यांनी सुचवलेले नाना उपाय झाले. मास्तरांनी आपल्या परीनं कमाल केली होती. ठमीचे सगळे कपडे ते उलट्या शिवणीचे शिवत, म्हणजे शिवण बाहेर आणि गुळगुळीत बाजू अंगाला. मैत्रिणींना ती नवी फॅशन वाटली. त्यातल्या दोघी तसलेच कपडे शिवून घ्यायला दुकानात येऊन गेल्या. मास्तरांनी गुपचूप शिवून दिले. खरं कारण काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि ठमीनंही नाही.

ठमी बालवाडीची शिक्षिका व्हायचं शिकत होती. सरावाच्या वर्गात मुलांचा गोल करताना एका चिमुरडीनं तिचा हात धरायला साफ नकार दिला. घरी येऊन ठमीनं ते मोठ्या गमतीनं सांगितलं. "तिला वाटलं, बाईंनी खाऊन हातच धुतले नाहीत!" आई त्यावर हसली नाही. मास्तर मशीनकडे तोंड करून बसले आणि दोरा तुटलेला नसताना दोरा ओवत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्पितळात नवं इंजेक्शन आल्याची बातमी लागली. ज्यांचा आजार खरोखर भारी, त्यांनाच ते मिळणार होतं. भारी की हलका, हे मोजून ठरणार होतं. एकूण मोजणी शंभराच्या घरातली. आकडा पन्नासच्या वर गेला तर माणूस आत, नाहीतर आल्या पावली परत. या खेपेची एकच जागा उरली होती, आणि पुढची खेप कधी येईल ते कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. हा पन्नासचा आकडा पेशंटला कळू द्यायचा नसतो, पण बोलघेवड्या सिस्टरच्या तोंडून तो मास्तरांच्या कानावर पडला होता. त्यांनी तो ठमीला सांगितला नव्हता. नुसता उराशी घेऊन बसले होते.

"बाबा, पिशवीचा बंद पिरगाळू नका, तुटेल," ठमी म्हणाली.

"मी शिवलेला बंद आहे. तुटतो कशाला?" मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात आतून हाक आली.

मोजणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं इस्पितळ पाठीमागे 'अडीचबाई' म्हणायचं. इतर डॉक्टर इसबाचा चट्टा बघून "दोनतीन तळहात असेल" असं म्हणून पुढे सरकत. बाई म्हणायच्या, "दोन की तीन?" आणि मोजून सांगायच्या, "अडीच." पन्नाशी उलटलेली, किरकोळ अंगाची बाई. मास्तरांनी आत शिरता शिरता पाहून घेतलं की बाईंचा पांढरा कोट खांद्याला उतरलेला आहे. ज्या बाईला स्वतःच्या खांद्याचं माप कळत नाही ती आपल्या लेकीचं काय मोजणार, असं एक त्यांच्या मनात येऊन गेलं.

बाईंनी आधी वरची ट्यूबलाइट बंद केली आणि खिडकीचा पडदा सारला. मग बेसिनवर जाऊन हात गरम पाण्याखाली धरले.

"गार हात लागला की कातडी आखडते," त्या ठमीला म्हणाल्या. "ये. तुझा तळहात दे."

ठमीला वाटलं, नाडी बघतील. पण बाईंनी पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तिचा हात ठेवला, बोटं जुळवली, भोवतीनं पेनानं रेघ मारली आणि कात्रीनं तो आकार कापून घेतला.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "बाई, तुम्ही तर बेतायलाच बसलात!"

"बेतणंच आहे मास्तर. ज्याचं अंग, त्याचाच तळहात. एक तळहात म्हणजे अंगाचा शंभरावा भाग, साधारण. माझा हात लावला तर तिचं अंग माझ्या मापानं मोजलं जाईल."

कोटाच्या खांद्याबद्दलचं मत मास्तरांनी तात्पुरतं मागे घेतलं.

मग मोजणी सुरू झाली. पोट आणि पाठ पडद्याआड, हात-पाय आणि मान खिडकीपाशी उजेडात. बाई तो प्लॅस्टिकचा तळहात एकेका चट्ट्यावर ठेवायच्या, उचलायच्या, पुढे ठेवायच्या, आणि सिस्टरला आकडा सांगायच्या. डाव्या कोपराची खळगी, दीड. मान मागून, एक. कडेचा पातळ पट्टाही त्या सोडत नव्हत्या. दोन छोटे तुकडे मनातल्या मनात जोडून अर्धा करायच्या. कातरणीतून तुकडे जोडून खिसा काढणारे मास्तर ते डोळे मोठे करून बघत होते. आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बाई ठमीच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. कशी आहेस, त्रास फार होतो का, काही नाही.

सिस्टरनं मास्तरांच्या मनातलं ओळखलं असावं. ती हळूच म्हणाली, "मोजून होईस्तोवर बाई तोंड बघत नाहीत. तोंड बघितलं की दया येते, आणि दया आली की आकडा फुगतो, असं त्यांचं म्हणणं."

मग आली लाली. आजवर ठमीला बघितलेल्या प्रत्येक डॉक्टरनं हेच सांगितलं होतं की लाली फारशी नाही, म्हणजे आजार बेताचाच आहे. ठमीचा रंग सावळा. बाईंनी मनगटावरचा चट्टा उजेडात तिरका धरला, मग बोटांची पाठ त्यावर टेकवली, मग शेजारच्या चांगल्या कातडीवर, मग परत चट्ट्यावर.

"लाली, तीनपैकी दोन," त्या म्हणाल्या.

"लाल तर दिसत नाही, बाई," मास्तरांना राहवलं नाही.

"सावळ्या अंगावर लाली लाल होऊन येत नाही, मास्तर. जांभळट येते, करडी येते. गोऱ्या अंगावरचा रंग इथं शोधत बसलं की सापडत नाही, आणि मग माणसं म्हणतात, नाहीच आहे. हात लावा. कढत आहे की नाही?"

मास्तरांनी बोट टेकवलं. कढत होतं. ते बोट किती तरी वेळा त्याच जागी टेकलं असेल, पण त्या उबेला लाली म्हणतात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना त्या बाईंचा एकदम अभिमान वाटला, जणू त्या आपल्याच नात्यातल्या आहेत.

सूज मोजून झाली, लस कुठं पाझरते ते झालं, ओरखडे झाले, खाजवून खाजवून जाड झालेली आणि रेघा उमटलेली कातडी चिमटीत धरून झाली. राहिलेली कोरडी कातडीसुद्धा बाईंनी सोडली नाही. मग त्या पहिल्यांदा ठमीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि तिच्या हातात एक पट्टी दिली. बोटभर रुंद, पांढरी, मध्ये खाचेतून सरकणारा लाल काटा. ठमीच्या बाजूला एकही आकडा नाही. आकडे सगळे मागच्या बाजूला, शून्य ते दहा.

"आता माझं काम संपलं, तुझं सुरू," बाई म्हणाल्या. "हे टोक म्हणजे खाज अजिबात नाही. ते टोक म्हणजे याहून जास्त खाज असूच शकत नाही. गेल्या तीन दिवसांची धर. काटा तू सरकवायचा. मी हात लावणार नाही."

मास्तर बाहेर जायला उठत होते, पण ठमीनं त्यांची बाही धरली होती. बाईंनी त्या बाहीकडे बघितलं आणि राहू दिलं. मास्तर परत बसले. ठमीनं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि काटा जरासा पुढे सरकवला. मग झोपेसाठी पुन्हा तीच पट्टी. पुन्हा जरासा.

"शहाणी मुलगी," बाई म्हणाल्या. "जा, सिस्टरबरोबर वजन करून ये."

ठमी गेली. बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि मास्तरांकडे वळल्या.

"साडेचव्वेचाळीस. बसत नाही, मास्तर."

मास्तरांच्या हातातली पिशवी खाली घसरली. मग इतकी वर्षं गिऱ्हाइकाला शब्दानं वळवलेला माणूस आपला सगळा गोडवा गोळा करून बोलायला लागला.

"बाई, साडेपाच म्हणजे काय हो? शिवणीत सुटतात. तुम्ही मनावर घेतलं तर..."

"मनावर घेऊन मोजलं तर त्याला मोजणं कशाला म्हणायचं?"

"पोरगी माझी एकोणीस वर्षं सोसतेय."

"दिसतंय मला." बाईंचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "समजा, मी दिले साडेपाच. उद्या इंजेक्शननं ती दहांनी सुधारली. त्यातले माझे किती आणि औषधाचे किती, सांगा. माझे असतील तर ते औषध लागू पडलंय असं समजून आम्ही तिला ते देत राहणार, आणि लागू पडणारं दुसरं काही शोधणारच नाही. तुमच्या मुलीशी मी असं वागू का?"

उत्तर नसलं की माणूस दुसरीकडून वार करतो. मास्तर म्हणाले, "मग तुमच्याच मोजण्यात चूक असेल."

बोलून गेले आणि कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांच्या दुकानात असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी टेप खाली ठेवून त्याला दाराची वाट दाखवली असती. त्यांना वाटलं, आता ही बाई आपल्याला घालवून देणार.

"असू शकते," बाई म्हणाल्या. "पुन्हा मोजते."

आणि खरंच, ठमी वजन करून आली तेव्हा त्या पुन्हा हात गरम पाण्याखाली धरून उभ्या होत्या. "मला माझंच काम तपासायचंय, बाळ. कंटाळू नकोस." आधीचे आकडे त्यांनी सिस्टरला पालथे घालून ठेवायला सांगितले. मघाशी डोक्याकडून सुरुवात केली होती, आता पायांकडून केली. बाहेर पेशंट ताटकळत होते, कुणीतरी दारातून दोनदा डोकावून गेलं, पण बाईंचा हात पहिल्यापेक्षा जरासुद्धा भरभर चालला नाही. शेवटी दोन्ही बेरजा शेजारी ठेवल्या. पाठीवरच्या एका चट्ट्यात अर्ध्या तळहाताचा फरक होता. तिथं बाईंनी तिसऱ्यांदा बघितलं आणि पहिला आकडा खरा धरला. पट्टीचे पाच सोडून, कातडीचे एकूण साडेएकोणचाळीस. तेव्हाही तेच, आताही तेच.

दोन वेळा माप घेऊन ते दोन्ही वेळा जुळणं म्हणजे काय, हे मास्तरांना सांगायला नको होतं. चांगल्या चांगल्या कारागिरांना त्यांनी या परीक्षेत आपटताना पाहिलं होतं. लेकीचं नशीब हातातून निसटत असताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की काय हात आहे या बाईचा! तो विचार आल्याची त्यांना लाज वाटली आणि तरीही तो जाईना.

ठमीला बाईंनी रक्त द्यायला पाठवलं. दार लागल्यावर त्या मास्तरांसमोर बसल्या आणि भलताच प्रश्न विचारला.

"मास्तर, तुमचं गिऱ्हाईक माप देताना कसं उभं राहतं हो?"

मास्तरांना वाटलं, बाई आपलं मन दुसरीकडे वळवताहेत. पण प्रश्न धंद्याचा होता आणि त्याला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"कसं म्हणजे? पोट आत घेऊन! टेप कंबरेला लागायचा अवकाश, दुनियेतला प्रत्येक पुरुष श्वास रोखतो. त्यातून बायको बरोबर असली तर विचारूच नका. दोन-दोन इंच आत जातं पोट. त्या मापानं शिवलं की आठ दिवसांनी भांडायला हजर, बटण लागत नाही म्हणून."

"मग तुम्ही काय करता?"

"बायकोला सांगतो, वहिनी, पलीकडे बटणं लावलीत, जरा पसंत करा. ती गेली की ह्याला विचारतो, काय म्हणतो तुमचा साहेब? साहेबाचं नाव निघालं की माणूस तक्रार करायला लागतो, आणि तक्रार करायला लागला की पोट आपोआप जागेवर येतं. तेवढ्यात टेप ओढायचा." मास्तर हसले. "माप घेताना आपलं माणूस समोर असलं की कुणी खरं..."

तिथंच ते थांबले. हसू तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं.

बाई म्हणाल्या, "काटा सरकवायच्या आधी ती तुमच्याकडे बघत होती. मी पाहिलं. ती पट्टी एकटीला द्यायची असा नियम आहे. तिनं तुमची बाही धरली होती, मी राहू दिलं. आजच्या मोजणीत चूक झालीये, मास्तर, तुमचं बरोबर होतं. फक्त कातडीत नाही झाली. तिथं झाली, आणि ती माझ्याकडून झाली. मी तसं लिहून ठेवणार आहे, आणि पट्टी तिला परत देणार आहे."

"म्हणजे आकडा वाढेल?"

"वाढेल, तेवढाच राहील, कमीही होईल. जो येईल तो मी मांडेन. आणि एक लक्षात ठेवा. साडेचव्वेचाळीस, पन्नास, हे काही तिच्या कानावर गेलेलं नाही. जाता कामा नये. तुम्ही तिला एक शब्द जरी बोललात तरी त्या पट्टीचा मला काही उपयोग नाही."

"तुम्हाला कुठं कळणार आहे, मी बोललो की नाही ते?" मास्तरांनी विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही कळणार," बाई म्हणाल्या.

मास्तर बाहेर आले. व्हरांड्याच्या टोकाकडून ठमी येत होती, कोपरात कापूस दाबून धरलेला. दोघांमध्ये एक लांबलचक बाकडं आणि दोन पेशंट. तेवढ्या अंतरात मास्तरांच्या जिभेवर एक शब्द येऊन बसला. 'सरकव.' बस, एवढाच. टोकापर्यंत सरकव. बाप म्हणून एवढा एक शब्द बोलायचा आपल्याला हक्क आहे, नव्हे, न बोललो तर आपल्यासारखा करंटा बाप नाही, असं त्यांना वाटत होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे ती बाई येत होती, पायांकडून पुन्हा मोजायला सुरुवात करणारी. बाहेर रांग लागलेली असताना अर्ध्या तळहातासाठी तिसऱ्यांदा वाकणारी. 'नाही कळणार' असं सरळ सांगून विश्वास टाकणारी. इतक्या खऱ्या मापात आपण खोटा धागा घालायचा?

"झालं का, बाबा? जायचं?" ठमीनं विचारलं.

मास्तरांनी तो शब्द गिळला.

"बाईंना तू हवी आहेस थोडा वेळ. मी जरा... बटणं बघून येतो."

"इस्पितळात बटणं?"

"असतात," मास्तर म्हणाले, आणि लेकीकडे पाठ करून चालायला लागले.

ते जिन्यापर्यंत गेले आणि तिथल्या खिडकीशी उभे राहिले. खाली आवारात एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उतारावरून सावकाश चालला होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, पण त्यांना दिसत होतं ते दार. तिथं आत आपली पोर एका पट्टीसमोर एकटी बसली आहे. तिनं पुन्हा तेवढाच काटा सरकवला तर? तर घरी जायचं. तिच्या आईला सांगायचं. उलट्या शिवणीचे कपडे शिवत राहायचं. परत जाऊन दार ढकलावं असं त्यांना दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा त्यांनी खिडकीचा गज धरून ठेवला.

बाई स्वतःच व्हरांड्यात आल्या.

"साडेछप्पन्न," त्या म्हणाल्या. "घेतलं तिला. पहिलं इंजेक्शन सोमवारी."

मास्तरांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं माप घेणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही."

"कातडीचे आकडे होते तेच आहेत, मास्तर. मी काहीच वाढवलं नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारून, हात धुवायला निघूनही गेल्या.

आनंदाच्या भरात मास्तर जिना उतरले. ठमी पुढे बडबडत होती, आईला फोन करायला हवा, सोमवारी कॉलेजला दांडी. तळमजल्यावर पोचेपर्यंत मास्तरांच्या डोक्यातला हिशेब मात्र आपोआप पुरा झाला. कातडी तीच. म्हणजे वाढलेले बारा सगळे त्या पट्टीतले. बारा! आपण खुर्चीत बसलो होतो तोवर पोर बारा आत घेऊन बसली होती. आणि खुर्चीत काय आजच बसलो होतो? घरात तर रोजच समोर बसतो.

फाटकाबाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला ते थांबले.

"ठमे, किती सरकवलास गं काटा?"

ठमीची बडबड थांबली. "त्या बाईंनी आकडे सांगितले मला नंतर. खाज नऊ. झोप आठ."

"आणि माझ्यासमोर?"

"तीन," ती चाचरत म्हणाली. "आणि दोन."

"घरी विचारायचो तेव्हा तर थोडीशीच आहे म्हणायचीस. रोज म्हणायचीस. सकाळी उठून, झोप छान लागली म्हणायचीस!" मास्तरांचा आवाज चिरकला. रागावले होते की रडवेले झाले होते ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "का गं असं?"

ठमीनं पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि खांद्याला लावली.

"तुम्ही विचारायचात ना बाबा, तेव्हा तुमचा चेहरा आधीच दहावर असायचा. मग मी कुठं जाणार होते?"

मास्तरांना ती लहानपणची आठवली, सुजलेल्या डोळ्यांनी उठून 'छान झोपले' म्हणणारी, आणि ते ऐकून निश्चिंत मनानं दुकान उघडायला जाणारे आपण आठवलो. ज्या पोरीला आपण सांभाळतोय असं ते समजत होते, तीच त्यांना सांभाळत आली होती. एवढीश्शी असल्यापासून. त्यांचं मन लेकीबद्दलच्या कौतुकानं भरून आलं.

"ठमे," ते म्हणाले, "आत्ता किती आहे?"

सवयीनं तिनं तोंड उघडलं. 'थोडीशी' तिच्या ओठांपर्यंत आलेलं मास्तरांना स्पष्ट दिसलं. मग तिनं तोंड मिटलं आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मास्तरांनी आपला चेहरा होता तसा ठेवला. आयुष्यात इतकं कठीण काम त्यांनी केलं नव्हतं.

"सात," ती म्हणाली.

"सात," मास्तर म्हणाले. त्यांनी अरेरे म्हटलं नाही, कपाळाला हात लावला नाही. "बरं."

"मान फार खाजतेय," ठमी म्हणाली. आणि भर रस्त्यात, वडिलांच्या देखत, तिनं ओढणी बाजूला करून मनसोक्त मान खाजवली.